घरची पेटी, घरचा पुदिना

पुदिन्याची जुडी दहा रुपयांना मिळते. चटणीला त्यातली मूठभर पाने लागतात; उरलेली जुडी फ्रिजमध्ये तिसऱ्या दिवशी काळी पडते आणि चौथ्या दिवशी कचऱ्यात जाते. कोथिंबिरीची गत निराळी नाही. पावसाळ्यात तर चिखलाने माखलेली जुडी निवडता निवडता निम्मी देठांसकट फेकावी लागते. आपल्या घरांत बिर्याणी असो, कबाब असोत की साधा खिमा, हिरव्या पाल्यावाचून भागत नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या अर्धा तास आधी चटणीसाठी मुलाला बाजारात पिटाळणाऱ्या भगिनी प्रत्येक इमारतीत सापडतील.

गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तर हा पाला घरीच होतो. बाजारात लांबट प्लॅस्टिकच्या कुंड्या मिळतात, पण स्वस्तातल्या कुंड्यांच्या कडा दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि चांगल्या घ्यायच्या तर किंमत ऐकून हात आखडतो. त्यापेक्षा लाकडाची पेटी घरी करावी. करवत, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर आणि एक सुट्टीचा दिवस एवढ्यावर ती होते.

जाता जाता एक गंमत सांगते. उर्दूत कुंडीला आपण 'गमला' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, असे कोशकार सांगतात, आणि त्यांच्या भाषेत 'गामेला' म्हणजे लाकडी परात किंवा कठवत. तेव्हा लाकडाचा गमला करणे म्हणजे शब्दाला त्याच्या मूळ घरी नेणे झाले. वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवीत असल्यामुळे असल्या गोष्टींत माझे मन जरा रमते. आता कामाकडे वळू.

फळ्या शोधण्याआधी एक हिशेब करावा लागतो. आपल्या गॅलरीची फरशी ही खालच्या घराचे छत असते, किंवा निदान त्या छताला लागून असते. तिच्यावर आपण काय ठेवतो आणि तिच्यात काय मुरवतो, हा एकट्या आपल्या घरचा प्रश्न राहत नाही.

आधी वजन. ओली माती फार जड असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या ओल्या मातीचे दीड-पावणेदोन किलो. एक घनफूट ओली माती म्हणजे पन्नास किलोच्या आसपास, सिमेंटच्या एका गोणीएवढे वजन. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या मानकात, ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा असते त्यासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरलेला आहे. गच्चीवर सरसकट एक फूट माती पसरली तर ती ओली झाल्यावर दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. हे गणित मी सातवीच्या मुलींना घनफळाच्या धड्यात घालते. उत्तर निघाले की वर्ग गप्प होतो. गच्चीवर थेट मातीचे वाफे करायला जाणकार का मना करतात ते यावरून कळेल. गॅलरीसाठी मानकात याहून अधिक भार धरतात, पण गॅलरी बहुतेक वेळा भिंतीतून पुढे काढलेली असते. तिच्या बाहेरच्या टोकावरचे वजन भिंतीजवळच्या वजनापेक्षा तिला जास्त ओढते. म्हणून पेट्या भिंतीच्या बाजूला, एकमेकींपासून अंतर राखून ठेवाव्यात. इमारत जुनी असेल, गॅलरीच्या खालच्या बाजूने गिलावा सुटून गज दिसत असतील, तर तिथे एकही पेटी ठेवू नये. आधी दुरुस्तीचे बघावे.

आणि पेटी कठड्यावर ठेवू नये, ग्रिलच्या बाहेर टांगू तर अजिबात नये. खालून मुले शाळेत जातात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खाला राहतात. साठीच्या पुढच्या. गावी त्यांच्या घरामागे परसू होते, त्यात मेंदीचे झाड, पुदिन्याचा वाफा, कढीपत्ता. मुलाने इथे फ्लॅट घेतला आणि गावचे घर बंद झाले. खालांनी गॅलरीत बारा-चौदा डबे मांडले. सकाळी फजरनंतर त्या तिथेच असायच्या. सूनबाई सांगते, त्या वेळात त्यांचे गुडघे दुखत नसत. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या घराच्या छताला ओल आली. आधी डाग, मग पोपडे, मग त्या घरातल्या बाळाच्या पाळण्यावर चुना पडू लागला. बोलाचाली झाली आणि नंतर जिन्यात सलामही बंद झाला. कमिटीने सगळ्यांच्याच गॅलरीतल्या कुंड्या काढायची सूचना लावली. खालांनी डबे वाटून टाकले आणि गॅलरीचा दरवाजा लावून घेतला.

नंतर गवंडी आला तेव्हा त्याला दिसले ते असे: डबे थेट फरशीवर ठेवलेले, त्यामुळे त्यांच्याखालची जागा वर्षभर सुकलीच नव्हती. फरशीच्या सांध्यांतला सिमेंट निघून गेला होता. पाणी जाण्याच्या मोरीच्या जाळीत माती आणि पानांचा थर बसला होता, त्यामुळे पावसाचे पाणी तुंबून आत मुरत होते. दोष झाडांचा नव्हता, झाडे ठेवण्याच्या रीतीचा होता. सांधे भरले, मोरी साफ केली, उतार नीट केला, खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात खालांच्या गॅलरीत पुन्हा तीन पेट्या आल्या, पण पायांवर उभ्या असलेल्या आणि हलक्या. कमिटीनेही त्या चालवून घेतल्या. पहिली जुडी खालच्या घरी गेली. ती सूनबाईच घेऊन गेली, खाला गेल्या नाहीत. पण पाठवली त्यांनीच.

तर अशी पेटी कशी करायची ते पाहू.

आम्ही भिवंडीकर या बाबतीत नशीबवान आहोत. इथे गोदामे इतकी की माल ठेवायचे लाकडी पॅलेट मोडून भंगारात येतात. दुसरीकडे देवदारी खोकी, कोकणात आंब्याच्या पेट्या मिळतात. आंब्याच्या पेटीची फळी मात्र फार पातळ, एका मोसमापुरतीच. पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का बघावा. परदेशी मालाच्या पॅलेटवर कीड मारण्यासाठी काय केले ते रोमन अक्षरांत लिहिणे बंधनकारक असते. 'एचटी' असेल तर लाकूड फक्त तापवलेले आहे, ते चालेल. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते खाण्याच्या पाल्यासाठी नको. तेलकट डाग, रसायनाचा वास किंवा विचित्र रंग असलेली फळी शिक्का काहीही असला तरी बाजूला टाकावी. आमच्याकडे निळे रासायनिक पिंपही अर्धे कापून विकतात. त्यात आधी काय होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. दहा वेळा धुतले तरी मी त्यात मेथी लावणार नाही.

पॅलेटचे खिळे उपटायच्या फंदात पडू नका. ते पिळाचे असतात, फळी चिरते पण खिळा निघत नाही. खिळ्यांच्या आतल्या बाजूने करवतीने फळी कापून घ्यावी. साधारण साडेतीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड फळ्यांचे सात लांब तुकडे हवेत, प्रत्येकी दोन फुटांचे, आणि चार आखूड तुकडे, दहा इंचांचे. चार फुटी पाच फळ्यांत हे बसते. करवतीच्या पात्यात जाईल तेवढे लाकूड कमी भरेल, त्याने काही बिघडत नाही; सातही तुकडे मात्र एकसारखे असावेत. त्याशिवाय दीड इंची चौकोनी रिपेचे चार ठोकळे, सात इंच उंचीचे, कोपऱ्यांसाठी. कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, नाहीतर पुढे वर्षभर बोटांतून कुसळे काढत बसावे लागते.

दोन लांब फळ्या एकावर एक ठेवून दोन्ही टोकांना आतून ठोकळे लावले की एक बाजू झाली. तशीच दुसरी. मग आखूड फळ्या दोन्ही बाजूंच्या मधे, ठोकळ्यांना टेकवून बसवाव्यात. खिळ्यांऐवजी दीड इंची स्क्रू वापरावेत, कारण लाकूड भिजून फुगते, सुकून आकसते आणि खिळे हळूहळू वर येतात. फळीच्या टोकाशी स्क्रू घालताना आधी बारीक खिळा ठोकून, उपटून छिद्र करून घ्यावे. मग फळी चिरत नाही. तळाला उरलेल्या तीन फळ्या खालून, एकमेकींत अर्धा इंच फट ठेवून. पाणी जायला ती फटच पुरते. सर्वांत शेवटी पेटीच्या खाली दोन रिपा आडव्या माराव्यात, निदान एक इंच उंचीच्या, हे पेटीचे पाय. पेटीखालून पाणी वाहिले पाहिजे, वारा फिरला पाहिजे आणि झाडू गेला पाहिजे. खालांच्या गॅलरीत बदल झाला तो एवढाच.

बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. गॅरेजमधले काळे ऑइल फुकट मिळते म्हणून पुष्कळ जण फासतात. ते मातीत उतरते, पाल्यासाठी वापरू नये. जवसाचे तेल लावलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापते आणि पेटही घेते. पसरून वाळवावी, मगच टाकावी.

आत अस्तर हवे, नाहीतर फटीतून माती वाहून जाईल. त्यासाठी बिर्याणीच्या तांदळाची रिकामी गोणी उत्तम. आपल्या घरात ती असतेच. विणलेल्या प्लॅस्टिकची ही गोणी उन्हात वर्षभरात पापडासारखी तुटते, पण पेटीच्या आत सावलीत टिकते. वरची कड आत दुमडून मातीखाली घ्यावी. काही गोण्यांना आतून पातळ थर असतो, तेव्हा तळाशी, फटींच्या वर, गरम सळईने दहा-बारा भोके पाडावीत. तळाशी गिट्टी किंवा विटांचे तुकडे भरण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहते. म्हणजे ओलीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो, शिवाय वजन वाढते.

लाकूड मिळत नसेल तर तेलाचा पंधरा किलोचा डबा घ्यावा. तो आडवा ठेवून वरची बाजू कापली की चांगले पन्हाळे होते. कापलेली कड पक्कडीने आत वळवून ठोकून घ्यावी, तिच्याने बोट चाकूसारखे कापते. पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजतात, म्हणून बाहेरून चुना द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

आता भरण. लाकडी पेटीत सुमारे पंचवीस लिटर माल मावतो. नुसती माती भरली तर ओली पेटी चाळीस किलोच्या वर जाते आणि दोन बायकांना हलत नाही. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे खत आणि एक भाग कोकोपीट घेतले की वजन पंचवीस-तीस किलोवर येते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याची पाच किलोची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटर होते, म्हणजे चार-पाच शेजारणींनी मिळून एक घेतली तरी पुरते. त्यात मीठ असू शकते, म्हणून दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. कोकोपीट नको असेल तर वाळलेला पालापाचोळा चुरून घाला. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून महाराष्ट्राला हीच गोष्ट शिकवली, की पाचोळा हे झाडाचे अन्न आहे, तो जाळायचा नसतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग उभी केली तीही स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पाचोळा यांच्या जोरावर.

मटण-मासे धुतलेले पाणी गुलाबाला घालायची आपल्याकडे सवय आहे. गावच्या जमिनीत ते मुरून जात असे. पेटीत मात्र त्याला वास येतो, माश्या होतात, मग उंदीर येतात. गॅलरीत ते बंद करावे, हाडेही मातीत पुरू नयेत. त्याऐवजी तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घाला. वजू करताना खाली तसराळे ठेवले तर पाचही वेळचे मिळून घरातल्या एका माणसाचे पाणी एका पेटीला पुरून उरते, आणि त्यात साबण नसतो. आमच्या सासूबाईंनी ही सवय लावली.

लावायचे काय? सुरुवात पुदिन्याने करावी. बाजारच्याच जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पाने काढा, ग्लासभर पाण्यात उभ्या ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. पुदिन्याला पेटी वेगळी हवी. तो जमिनीखालून धावतो आणि शेजाऱ्याची जागा बळकावतो. कोथिंबिरीचे, म्हणजे दखनी बोलणाऱ्या घरांतल्या कोतमिरीचे, धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर रोज उकरून पाहणाऱ्या मुलांना आवरा. भर पावसात ती सडते, म्हणून जून-जुलैत पेटी भिंतीशी, पागोळीच्या आत ओढून घ्यावी. घाई असणाऱ्यांनी मेथी पेरावी. चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत भाजी होते. या तिघांना सात इंच खोली पुरते. मिरचीला एक फूट हवी, मोगऱ्यालाही तेवढीच आणि ऊनही जास्त. ईदसाठी घरची मेंदी हवी असेल तर तेलाचा डबा उभा ठेवून त्याला तळाशी पाच-सहा भोके पाडावीत आणि तो दोन विटांवर ठेवावा. मेंदीची पेन्सिलीएवढी जाड काडी पावसाळ्यात सहज लागते. पहिल्या वर्षी पाने तोडू नयेत, मुलींनी कितीही हट्ट केला तरी.

पाणी बोट घालून मगच द्यावे. वरचे एक पेर कोरडे लागले तर द्या, नाहीतर राहू द्या. खाली थेंब पडू लागले की थांबावे. पेटीखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यातले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ती अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही जगतात, म्हणून आठवड्यातून एकदा, जुम्याच्या सफाईत म्हणा, ताटली घासणीने घासून काढावी. त्याच वेळी मोरीची जाळीही उचलून पाहावी.

पुदिना उपटायचा नाही, कात्रीने कापायचा, आणि बुडाशी दोन पेरे सोडायची. तिथूनच दुप्पट फुटतो. दर वर्षी मे महिन्यात पेटी रिकामी करून मुळांचे जाळे निम्मे छाटावे आणि नवे खत मिसळून पुन्हा भरावी. त्याच वेळी पेटी उलटी करून तळाच्या फळ्यांना बोटाने दाबून बघा. लाकूड सर्वांत आधी तिथेच कुजते, साधारण तिसऱ्या वर्षी. मऊ लागली तर तेवढीच फळी बदलावी. स्क्रू असल्यामुळे ती दहा मिनिटांत निघते.